बीएससी नर्सिंग करून पुढे एमबीबीएसला जाता येतं का?

परभणीची_पोर
नमस्कार, मी लातूरला राहून एक वर्ष रिपीट केलं, नीटला ७२० पैकी ४१२ आले, कॅटेगरी ओपन, म्हणजे सरकारी एमबीबीएसचा विषयच संपला आणि प्रायव्हेटची फी ऐकल्यापासून पप्पा शेताचा सातबारा काढून बसलेत. नर्सिंगची सीईटी पण दिली होती, त्यात स्कोअर बरा आहे. आता मावसभावाने एक व्हिडिओ पाठवला, त्यातली बाई चार वर्षं नर्सिंग करून मग मेडिकल स्कूलला गेली आणि डॉक्टर झाली. माझं असं चाललंय की बीएससी नर्सिंगला ॲडमिशन घ्यायचं, निदान लाईन तरी तीच राहील, आणि नंतर त्या डिग्रीवर एमबीबीएसच्या सेकंड इयरला, नाहीतर नर्सिंग करता करता परत नीट. असं होतं का? घरी सगळे "हो हो घे" म्हणतात पण माहिती कुणालाच नाही.

सिस्टर_नाईटड्युटी
बाळा, आपल्याकडे नर्सिंगच्या डिग्रीवर एमबीबीएसला थेट घेत नाहीत, सेकंड इयरला तर नाहीच. फर्स्ट इयरपासून, नीट देऊनच. तुझी चार वर्षं अधिक एमबीबीएसची इंटर्नशिप धरून साडेपाच, हिशोब तूच कर. नीटला आता वयाची वरची मर्यादा नाही, त्यामुळे नर्सिंगनंतर परीक्षा देता येते हे खरं, पण देता येणं आणि निघणं यात फरक आहे गं. नीटमध्ये फिजिक्सचे १८० मार्क, केमिस्ट्रीचे १८०. नर्सिंगला फिजिक्स कुठेच नाही, बायोकेमिस्ट्री येते तेवढीच. ॲनाटॉमी फिजिओलॉजीमुळे बायोलॉजीतला माणसाचा भाग पक्का होईल, पण वनस्पतींचं काय करशील, वॉर्डात कुणी झाडं ॲडमिट करत नाही 😄

आणि "करता करता नीट" म्हणणाऱ्यांनी एकदा पोस्टिंग, म्हणजे हॉस्पिटलच्या वॉर्डातली ड्युटी, बघावं. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीला ८० टक्के हजेरी लागते, आणि डिग्री हातात पडायच्या आधी प्रॅक्टिकलची भरून १०० टक्के करावी लागते. आम्ही सकाळी साडेसातला वॉर्डात, मॅकिंटॉश म्हणजे रबरी शीट घाल, त्यावरची ड्रॉशीट ताण, चादरीचा कोपरा वाकडा आला की मॅडम पूर्ण बेड उपसायला लावायच्या, मग टीपीआर म्हणजे ताप, नाडी, श्वास मोजणं, मग दुपारी लेक्चर, रात्री केअर प्लॅन, म्हणजे पेशंटची काळजी कशी घ्यायची ते, लिहायचा. मी पहिल्या वर्षी न्यूमेरिकल्सचं पुस्तक नेलं होतं होस्टेलला, ते चार वर्षं डब्याखाली ठेवायला वापरलं.

नर्सिंग घ्यायचंच तर नर्सिंगसाठी घे. एम्सच्या नॉरसेटमधून, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेतून, लागलीस तर पगाराची लेव्हल ७, बेसिक ४४,९००. सीएचओ म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसरची पोस्ट आहे, एमएससी आहे. पण वेटिंग रूम समजून येणाऱ्या मुली माझ्या बॅचला तीन होत्या, तिघीही शेवटपर्यंत वॉर्डात रुसलेल्या असायच्या आणि ते पेशंटला कळतं.

अर्धवट_डॉक्टर
सिस्टरताईंशी सहमत, फक्त एक गोष्ट ॲड करतो. मी नर्सिंगला ॲडमिशन घेऊन सहा महिन्यांनी सोडलं, नीटसाठी. कॉलेजचं नाव घेत नाही, पण टीसी आणि मार्कशीटचे ओरिजिनल त्यांच्याकडे होते आणि पुढच्या तीन वर्षांची फी भरा तरच देऊ म्हणाले. वडिलांनी पाच चकरा मारल्या, क्लार्क प्रत्येक वेळी "साहेब मीटिंगमध्ये" म्हणायचा. काउन्सेलिंगच्या आदल्या दिवशी कागद मिळाले, कसे ते विचारू नका. तर मधेच सोडायचं जरा जरी मनात असेल तर ॲडमिशनच्या दिवशीच विचार, सोडलं तर काय, आणि उत्तर लेखी घे. झेरॉक्सचे दोन सेट आधीच काढ.

एडिसनची_मावशी
तो व्हिडिओ इकडचा असणार, अमेरिकेतला. इथे बारावीनंतर सहसा कुणी थेट मेडिकलला जात नाही, आधी कुठलीतरी चार वर्षांची डिग्री, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग मेडिकल स्कूल. ती डिग्री नर्सिंगची असली तरी चालते, इतिहासाची असली तरी चालते. म्हणून ती बाई खोटं बोलत नाहीये, तिचा जिना वेगळा आहे.

आणि इथेही लोक म्हणतात तेवढं सोपं नाही हं. माझी पुतणी नर्सिंग करून त्याच रस्त्यावर आहे. नर्सिंगवाल्यांना जी केमिस्ट्री असते ती बऱ्याच मेडिकल स्कूलना चालत नाही, ऑरगॅनिक आणि फिजिक्स लॅबसकट वेगळं घ्यावं लागतं, आणि लॅबची वेळ नेमकी क्लिनिकलच्या दिवशी. दोन समर त्यातच गेले बिचारीचे. तिचा फायदा एवढाच की आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स, असल्यामुळे हातात पगार आहे.

कोकणी_काका
बीएएमएस बघा ना, नावापुढे डॉक्टर तर लागतं.

सिस्टर_नाईटड्युटी
काका, तिला नावापुढे काय लागतं ते विचारायचंच नाहीये 🙏

परभणीची_पोर
सगळ्यांना थँक्यू, मावशी तुमचं वाचून मावसभावाला फोन केला, त्याने व्हिडिओ पूर्ण बघितलाच नव्हता म्हणे. पप्पांना फिजिक्सचे मार्क दाखवले, ७२० मधले नाही, नुसते फिजिक्सचे. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, तुला इंजेक्शन द्यायची भीती वाटते का? नाही म्हटलं. ताई, एक विचारू, परवा ऑप्शन फॉर्म भरायचाय, कॉलेज निवडताना त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल आहे की पोस्टिंगला दुसरीकडे पाठवतात हे कसं कळतं?

सिस्टर_नाईटड्युटी
होस्टेलच्या पोरींना गाठ आणि विचार सकाळी बस किती वाजता सुटते. बसच नाही म्हणाल्या तर हॉस्पिटल आवारातच आहे. साडेपाचला सुटत असेल तर दुसरं बघ.