पातळ शी, खाज, कानाला वास: घरगुती उपायांपैकी कुत्र्याला नक्की काय चालतं?

मऊकान
नर, 5 वर्षं, 12 किलो. लसी आणि जंताचं औषध वेळेवर झालेलं आहे. तक्रारी तीन. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी दोन दिवस शी पातळ होते (रक्त नाही, उलटी नाही, खेळणं-खाणं नेहमीसारखं). पंजे चाटतो आणि मागच्या बाजूला, शेपटीच्या मुळाशी दातांनी कुरतडतो. उजव्या कानाला आंबूस वास आणि आत तपकिरी मळ.

नेटवर वाचलेल्या उपायांची यादी: चिकन-भात, लाल भोपळा, खोबरेल तेल, कानात अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, पिसवांसाठी लसूण, अंगावर टी ट्री ऑइलचा स्प्रे. यातलं काय चालेल आणि किती? मापासकट सांगितलंत तर बरं होईल.

तराजू
पोटापासून सुरू करतो, कारण तुमच्या यादीतलं खरंच कामाचं तेवढंच आहे.

चिकन बिनहाडाचं, कातडी काढलेलं, नुसत्या पाण्यात उकडलेलं. मीठ, कांदा, मसाला, तेल काहीच नाही. उकडताना वर आलेली चरबी काढून टाका. एक भाग चिकनला दोन भाग मऊ शिजलेला पांढरा भात. 12 किलोच्या कुत्र्याला पहिल्या दिवशी साधारण 120 ग्रॅम चिकन आणि 240 ग्रॅम भात पुरतो, पण तो एकदम वाढू नका. चार-पाच वेळांत विभागा. चुकतं ते इथेच: दिवसभर उपास घडवायचा आणि संध्याकाळी वाडगा भरून पुढे करायचा. आतडं आधीच चिडलेलं, त्यावर एवढा भार आला की रात्री पुन्हा जुलाब.

शी बांधून आली की लगेच नेहमीच्या खाण्यावर उडी मारू नका. पहिल्या दिवशी पाव भाग जुनं खाणं, मग निम्मं, मग पाऊण, असं तीन-चार दिवसांत परत आणा. आणि चिकन-भात आठवडेच्या आठवडे चालवू नका, त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं.

लाल भोपळा: साल-बिया काढून उकडलेला, कुस्करलेला, साखर-मीठ न घातलेला. जेवणात एक मोठा चमचा, फार तर दोन. त्यातला विरघळणारा तंतू जास्तीचं पाणी धरून ठेवतो, म्हणून तो जुलाबालाही चालतो आणि कडक शीलाही. चार-पाच चमचे घातलेत तर उलट शी सैल होते. भोपळ्याऐवजी इसबगोल घेतलंत तर अर्धा लहान चमचा दिवसातून दोनदा, आधी भरपूर पाण्यात फुगवून. कोरडं भुरभुरवायचं नाही, घशात फुगतं.

आता हे सगळं कधी करायचं नाही. पिल्लू असेल तर घरगुती प्रयोग नाहीतच. पार्व्हो (जुलाब-उलट्यांचा विषाणूजन्य आजार) काही तासांत पिल्लाचं पाणी संपवतो. मोठ्या कुत्र्यातही शीत रक्त, डांबरासारखी काळी शी, पुन्हा पुन्हा उलट्या, सुस्ती, किंवा दोन दिवसांत फरक नाही, तर व्हेटकडे. हिरडीला बोट लावून पाहा: ओलसर, घसरती हवी. चिकट लागली तर पाणी कमी पडलंय. हिरडी दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांच्या आत परत यायला हवा. पोट फुगलंय, ओकारी येते पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर चिकन-भाताचा विचारही नको, त्या क्षणी निघा.

मात्र दर महिन्याला होत असेल तर चिकन-भात हा इलाज नव्हे, ते थिगळ आहे. ताज्या शीची तपासणी करून घ्या.

आखूडशेपटी
कानाबद्दल आधी, कारण तिथे घाई करून सगळ्यात जास्त नुकसान होतं.

कुत्र्याची कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते, इंग्रजी एलसारखी. बाहेरून दिसतो तो मळ म्हणजे फक्त वरचा मजला. आतला पडदा फाटलाय की शाबूत, हे व्हेट उपकरणातून पाहिल्याशिवाय कळत नाही. फाटला असेल तर ओतलेलं व्हिनेगर थेट मधल्या कानात जाणार. पडदा शाबूत असला तरी सुजलेल्या त्वचेवर आम्ल म्हणजे जळजळ. हायड्रोजन पेरॉक्साइडचीही तीच गत: फेस येतो, छान साफ झाल्यासारखं वाटतं, मागे उरतं ते पाणी, आणि ओल्या कानात यीस्टची (एक प्रकारची बुरशी) चंगळ.

मळाचा रंग किंवा वास पाहून यीस्ट, जिवाणू की माइट (डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे) हे ठरत नाही. स्वॅब, म्हणजे कानातला मळ घेतलेला कापसाचा बोळा, काचेवर फिरवून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. यीस्ट असेल तर बुटाच्या ठशांसारखे आकार दिसतात. काही मिनिटांचं काम आहे, पण पुढचं औषध त्यावरच ठरतं.

कान निरोगी असेल तेव्हाची सफाई घरी करता येते. अल्कोहोल नसलेलं कानाचं क्लीनर नळी भरेपर्यंत घाला, कानाच्या मुळाशी 20-30 सेकंद चोळा (आत पचपच आवाज आला पाहिजे), मग त्याला डोकं झटकू द्या, आणि बोटाला गॉझ गुंडाळून दिसेल तेवढंच पुसा. इअर बड नको, ती मळ पुसत नाही, आत ठासते.

खाजेला ओट्सची आंघोळ चालते. साधे, बिनचवीचे ओट्स मिक्सरमध्ये अगदी पिठासारखे करा. एक चमचा पीठ ग्लासभर कोमट पाण्यात ढवळून पाहा. पाणी दुधाळ राहिलं तर जमलं, तळाशी बसलं तर आणखी दळा. टबाला एक कप, पाणी कोमटच, कारण गरम पाण्याने खाज वाढते. 10-15 मिनिटं अंगावर ओतत राहा, मग धुऊन, टॉवेलने चोळण्याऐवजी टिपून कोरडं करा. काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या विशेषतः. कातडी तेलकट आणि वासाची असेल तर मात्र ओट्सने काही होणार नाही. तिथे व्हेटने दिलेला क्लोरहेक्सिडिन-मायकोनाझोलचा शाम्पू लागतो, तोही 10 मिनिटं अंगावर ठेवून.

टी ट्री ऑइल यादीतून खोडाच. अंगावर लावलेलं कातडीतून आत जातं आणि उरलेलं तो चाटून पोटात घालतो. न पातळ केलेल्या तेलाच्या काही थेंबांनीसुद्धा कुत्री झोकांड्या खाऊ लागतात, थरथरतात, लाळ गळते, मागचे पाय लुळे पडतात. कातडीला लावायची कुठलीही गोष्ट निवडताना एकच प्रश्न विचारायचा: हे त्याने सगळं चाटून खाल्लं तर?

दुपट्टा
खोबरेल तेल इतकं वाईट नाही हो. कोरड्या पंजाच्या गादीला बोटावर येईल तेवढं लावायला हरकत नाही. खायला घालू नका एवढंच. मोठ्या चमच्यात सुमारे 120 कॅलरी, आणि एकदम चरबी पोटात गेली की ज्याचं पोट नाजूक त्याला स्वादुपिंडाची सूज यायला वेळ लागत नाही.

मऊकान
कानात काहीच घालत नाही, स्वॅब करून घेतो. पण लसूण? थोडा चालतो असं बरेच जण लिहितात. आणि खाजेला फिश ऑइल द्यावं का?

बारीककंगवा
लसूण, कांदा, पात, सगळे एकाच कुळातले. त्यातल्या गंधकाच्या संयुगांनी तांबड्या पेशी फुटतात. कांद्याच्या बाबतीत किलो वजनामागे 15 ते 30 ग्रॅमला रक्तात बदल दिसतात, आणि वाळवलेल्या पुडीत हाच माल एकवटलेला असतो. लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद. म्हणून "काल दिला, काही झालं नाही" याला अर्थ नाही. आणि एवढा धोका पत्करून पिसवा जातात, असंही नाही.

आधी पिसवा आहेत का ते बघा. शेपटीच्या मुळाशी बारीक दातांचा कंगवा फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाका. माती असेल तर काळीच राहील. कणाभोवती तांबूस वर्तुळ पसरलं तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. जिवंत पिसू सापडली तर कंगवा साबणाच्या पाण्यात बुडवा, नुसत्या पाण्यावर ती तरंगते आणि उडी मारते.

तराजू
फिश ऑइल देता येईल, पण पोट ताळ्यावर आल्यावरच, नाहीतर पातळ शी कशाने झाली ते कळणार नाही. डबीवरच्या 1000 मिग्रॅवर जाऊ नका, मागे ईपीए आणि डीएचए (त्यातली कामाची ओमेगा-3 मेदाम्लं) किती ते वाचा. बऱ्याच कॅप्सूलमध्ये दोन्ही मिळून 300च असतं. खाजेसाठी 12 किलोला दोन्ही मिळून रोज सुमारे 800 मिग्रॅपर्यंत जातात. एका कॅप्सूलपासून सुरू करून दोन आठवड्यांत वाढवा. आठ आठवड्यांआधी निकाल लावू नका. कॉड लिव्हर ऑइल याला पर्याय नाही, त्यात जीवनसत्त्व अ आणि ड जास्त होतं. शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर हे व्हेटला आधी सांगा.

मऊकान
टिश्यूवर तांबूस वर्तुळं उठली. पाच-सहा कण, सगळे शेपटीच्या मुळाजवळचे.

बारीककंगवा
मग कुरतडण्याचं कारण बहुधा मिळालं. कानाचा स्वॅब तरीही करा, तो हिशोब वेगळा. अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम 5 टक्के. बाकी अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात, गालिच्यात, फटींत. त्याचं अंथरूण 60 अंशाच्या पाण्यात धुवा, सोफ्याखाली आणि भिंतीच्या कडेने व्हॅक्यूम फिरवा, पिशवी लगेच बाहेर टाका. कोष महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून हे दोन-तीन महिने चालू ठेवावं लागतं.

अंगावरच्या पिसवांना वजनानुसार व्हेटने दिलेलं औषध, इथे घरगुती पर्याय शोधत बसू नका. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन (एक कीटकनाशक) असलेलं काही कुत्र्याला लावायचं नाही, मांजराला ते विष आहे. आणि गुदद्वाराजवळ किंवा शीवर तांदळाच्या दाण्यासारखं काही हलताना दिसलं तर तो टेपवर्म, पिसू गिळल्याने होतो. नेहमीच्या सगळ्या जंतनाशकांत त्यावरचं औषध नसतं, डबीवर प्राझिक्वांटेल लिहिलंय का ते पाहा.