‘सर्व्हर सापडत नाही’ : घरच्या जुन्या संगणकाबाबत ग्रुपवर झालेली चर्चा

बी-३०२ : नमस्कार. मागच्या आठवड्यात आम्ही इंटरनेटची कंपनी बदलली आणि तेव्हापासून विंडोज ७ असलेल्या आमच्या जुन्या संगणकावर एकही संकेतस्थळ उघडत नाही. ब्राउझर ‘सर्व्हर सापडला नाही’ एवढेच सांगतो आणि खालच्या कोपऱ्यात नेटवर्कच्या चिन्हावर पिवळा त्रिकोण दिसतो. त्याच राउटरवर घरातले दोन्ही फोन मात्र उत्तम चालतात. जोडणी करून गेलेल्या तंत्रज्ञाने ‘मशीन जुने झाले आहे, फॉरमॅट करून घ्या’ असा सल्ला दिला. त्यात दहा वर्षांचे फोटो आणि हिशेब आहेत, त्यामुळे हात लावण्याआधी येथे विचारत आहे.

ए-१०४ : काका, कृपया एवढ्यात फॉरमॅट करू नका. फोन चालतात म्हणजे लाइन आणि राउटर ठीक आहेत. पिवळ्या त्रिकोणावरही फार विश्वास ठेवू नका, कारण इंटरनेट आहे की नाही हे तपासण्यासाठी विंडोज स्वतः मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक नावाचा पत्ता शोधते आणि तो मिळाला नाही की जोडणी चालू असूनही ‘इंटरनेट नाही’ असे जाहीर करते. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून पुढील दोन गोष्टी कराल का? (आज्ञा मी देवनागरीत लिहीत आहे, आपण इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्यात.) पिंग ही आज्ञा समोरच्या संगणकाकडून उत्तर येते का ते पाहते. आधी ‘पिंग ८.८.८.८’ (हा गुगलच्या सार्वजनिक सर्व्हरचा आकडी पत्ता आहे) असे द्या आणि नंतर त्या आकड्यांच्या जागी कोणत्याही परिचित संकेतस्थळाचे नाव द्या.

बी-३०२ : आकड्यांना चारही वेळा उत्तर आले. नाव दिल्यावर मात्र ‘होस्ट सापडला नाही’ असा संदेश आला.

ए-१०४ : मग दुखणे नेमके कुठे आहे ते कळले. आपण टाइप केलेल्या नावाचा आकडी पत्ता सांगण्याचे काम डीएनएस सर्व्हर करतो. आपला संगणक आकड्यापर्यंत पोहोचतो, पण नावाचा आकडा त्याला कोणी सांगत नाही. तो कोणाला विचारतो आहे हे ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ या आज्ञेने दिसेल. ‘डीएनएस सर्व्हर्स’ या ओळीपुढचा पत्ता आणि ‘डिफॉल्ट गेटवे’चा, म्हणजे आपल्या राउटरचा पत्ता, दोन्ही कळवा.

सी-२०१ : मध्येच बोलतो, क्षमस्व. हा व्हायरस तर नसेल ना? डीएनएसची सेटिंग बदलणाऱ्या एका व्हायरसबद्दल पूर्वी वाचल्याचे आठवते.

ए-१०४ : आपली आठवण बरोबर आहे. डीएनएसचेंजर नावाचा तो प्रकार संगणकाला गुन्हेगारांच्या सर्व्हरकडे वळवत असे. ते सर्व्हर अमेरिकेत ताब्यात घेतल्यावर त्यांच्या जागी काही महिने तात्पुरते, निर्धोक सर्व्हर चालवले गेले. ९ जुलै २०१२ रोजी तेही बंद झाले आणि तोवर दुरुस्त न केलेल्या संगणकांवर नावे उघडेनाशी झाली. त्यामुळे अनोळखी पत्ता दिसला तर शंका घ्यावीच, परंतु येथे कंपनी बदलल्याचा योगायोग अधिक बोलका वाटतो.

बी-३०२ : गेटवे १९२.१६८.१.१ आहे. डीएनएसपुढे मात्र दोन निराळेच पत्ते आहेत. माझ्या जुन्या वहीत पाहिले, ते आधीच्या कंपनीच्या माणसाने लिहून दिलेले निघाले.

ए-१०४ : तेच कारण असणार. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर बहुधा फक्त स्वतःच्या ग्राहकांनाच उत्तर देतात. आपण आता दुसऱ्या जाळ्यातून विचारता, म्हणून तिकडून मौन आहे. फोन आपले पत्ते राउटरकडून आपोआप घेतात, त्यामुळे त्यांना याची झळ लागली नाही. तरीही खात्री करून घेऊ : ‘एनएसलुकअप’ (नावाचा पत्ता डीएनएस सर्व्हरला विचारणारी आज्ञा), मग संकेतस्थळाचे नाव, मग १.१.१.१ असे एका ओळीत द्या. शेवटचा आकडा दिल्याने प्रश्न जुन्या सर्व्हरऐवजी थेट त्या सार्वजनिक सर्व्हरला जातो. उत्तर आले, तर कंट्रोल पॅनेलमधील ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’मध्ये ‘चेंज अडॅप्टर सेटिंग्ज’ उघडा, आपल्या जोडणीवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा, ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ निवडा आणि त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएनएसचा पत्ता आपोआप घेण्याचा पर्याय निवडा. शेवटी ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ द्या, म्हणजे संगणकाने साठवलेली जुनी उत्तरे पुसली जातील.

बी-३०२ : उत्तर आले, सेटिंग बदलली आणि सर्व पाने उघडू लागली! पिवळा त्रिकोणही गेला. फक्त माझ्या पूर्वीच्या कार्यालयाचे संकेतस्थळ अजून उघडत नाही, फोनवर मात्र उघडते.

डी-४०२ : काका, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षा अद्यतने मिळत नाहीत. एवढा खटाटोप करण्याऐवजी नवीन संगणक घेणे बरे नाही का?

ए-१०४ : या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत, इतपत मी सहमत आहे. परंतु या बिघाडाचा वयाशी संबंध नव्हता; पत्ते हाताने भरलेले असते तर नवा संगणकही असाच अडला असता.

काका, त्या एका संकेतस्थळासाठी एनएसलुकअप आणि पिंग दोन्ही चालवा व दोन्हींतले पत्ते जुळतात का पाहा. एनएसलुकअप थेट सर्व्हरला विचारतो, तर पिंग आणि ब्राउझर आधी संगणकातील ‘होस्ट्स’ नावाची फाइल विचारात घेतात, म्हणून ही तुलना उपयोगी पडते. ही फाइल डीएनएसहूनही जुन्या पद्धतीचा अवशेष आहे : एकेकाळी जाळ्यातील साऱ्या संगणकांची नावे एकाच यादीत असत, ती अमेरिकेतील एसआरआय ही संशोधन संस्था सांभाळत असे आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. यादी आवरेनाशी झाली तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. फाइल मात्र आजही प्रत्येक विंडोजमध्ये आहे.

बी-३०२ : पत्ते जुळत नाहीत.

ए-१०४ : मग विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘सिस्टिम३२’, त्यात ‘ड्रायव्हर्स’ आणि त्यात ‘ईटीसी’ येथे ती फाइल सापडेल. नोटपॅड ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडून त्यातूनच फाइल उघडा, नाहीतर बदल जतन होणार नाही. त्या संकेतस्थळाचे नाव असलेल्या ओळीच्या सुरुवातीला # हे चिन्ह टाका, म्हणजे ओळ न पुसता निष्प्रभ होईल.

बी-३०२ : झाले, उघडले. निवृत्तीपूर्वी घरून काम करताना कार्यालयाचा जुना सर्व्हर मीच त्यात लिहून ठेवला होता. वरच्या ओळीत माझी टीपही आहे : ‘तात्पुरते, सोमवारी काढणे.’