घाटात गाडी हीट मारते, गॅरेजवाला म्हणतो हेड खोला. आधी घरी काय तपासू?

चिपळूणचा_वाशिष्ठीकर
2012 ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. गावात दिवसभर फिरवा, तापमानाचा काटा निम्म्यावरून हलत नाही. पण कराडला निघालो आणि पोफळी मागे टाकून कुंभार्ली चढायला लागलो, की दुसऱ्या गिअरवर, एसी चालू असताना, अर्ध्या घाटात काटा वर सरकतो. एसी बंद केला की जरा उतरतो. मागच्या खेपेला लाल पट्टीला टेकायला आला, तेव्हा काचा खाली करून हीटर फुल सोडला आणि तसाच हळूहळू वर आलो. मे महिना, गाडीत सासूबाई. पुढचं सांगत नाही. हेळवाकची सपाटी लागली की गाडी पुन्हा शहाण्यासारखी.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या टाकीला हात लावला आणि म्हणाला, "हेड गॅस्केट गेलंय, वीस-बावीस हजार धरून चला." म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील. पाच मिनिटांत निकाल! इंजिन खोलायला देण्याआधी घरी खात्री करता येईल का? पाने, पक्कड, मल्टिमीटर आहे. रविवारही मोकळा आहे.

घाटमाथा_77
थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, काढून फेकून द्या. आपल्याकडे काय बर्फ पडतो? माझ्या जुन्या गाडीचा काढला, पुन्हा कधी तापली नाही.

जुना_फिटर, कराड
वरच्या सल्ल्याला हात जोडून नमस्कार. आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलं, हा सल्ला रोज ऐकलाय. अहो, बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंदही करतो. तो काढला की पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता परस्पर इंजिनात फिरत राहतो, आणि चढाला गाडी उलट जास्त तापते. शिवाय इंजिन थंडच चाललं की पेट्रोल जास्त पितं, ते वेगळंच. शंका असेल तर काढून गरम पाण्याच्या पातेल्यात सोडा. साधारण 82 ते 88 अंशांना उघडायला लागतो, आकडा बहुधा त्याच्यावरच कोरलेला असतो. उघडला तर चांगला, नाही तर नवा टाका. पण ही पाळी नंतरची.

पहिला प्रश्न: गाडी पाणी खाते का? रेडिएटरच्या बाटलीतली पातळी महिनाभर तशीच राहते का, वारंवार भरावं लागतं? दुसरा: गाडी कधी घेतली, आणि 22 जुलै 2021 च्या पुराच्या वेळी ती कुठे उभी होती? चिपळूणची गाडी म्हणून विचारतोय.

आता गॅस्केटचं. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरची कॅप काढा. गरम असताना अजिबात नाही. आत साधारण एक बारचा दाब असतो, त्यामुळे पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. कॅप फिरली की सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. भाजलेले हात पाहिलेत मी. गार इंजिन कॅपशिवाय सुरू करा आणि बघत राहा. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा येईल, तो अडकलेल्या हवेचा. सारखे बुडबुडे येत राहिले तर गॅस्केट गेलंय, सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. मग इंजिन परत गार करून कॅप लावा, सुरू करून मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होज (जाड रबरी पाइप) दाबा. पाणी तापायच्या आतच तो टणक झाला तर तेच. ऑइल मोजायच्या डिपस्टिकवर ऑइल दुधाळ आहे का बघा. फक्त ऑइलच्या झाकणाखाली पांढुरकं दिसलं तर घाबरू नका. कोकणातल्या दमट हवेत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला तसं होतं.

मग इंजिन नीट तापू द्या आणि वरचा-खालचा होज हाताने चाचपा. फॅनपासून हात लांब ठेवा, काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही तो आपोआप फिरतो. वरचा कडक गरम आणि खालचा गारच, तर पाणी फिरत नाही: थर्मोस्टॅट, पंप किंवा आतून चोंदलेला रेडिएटर. दोन्ही सारखेच गरम, तर पाणी फिरतंय पण उष्णता बाहेर पडत नाही. म्हणजे दोष हवेच्या बाजूला. तेव्हा एसी लावा, फॅन फिरू द्या आणि वर्तमानपत्राचा तुकडा पुढच्या जाळीला लावून सोडा. वारा आत ओढला जात असेल तर कागद तिथेच चिकटून राहील.

बोर्डावरचा_काटा
एक भर. या काट्यावर फार भरवसा ठेवू नका. पुष्कळ गाड्यांत तो मुद्दाम मधल्या टप्प्यात स्थिर ठेवलेला असतो. तो हलला म्हणजे पाणी आधीच बरंच चढलेलं. ब्लूटूथचा ओबीडी, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारा प्लग, घ्या, मोबाइलवर खरे अंश दिसतात.

चिपळूणचा_वाशिष्ठीकर
रविवारचा अहवाल. पाणी खात नाही, बाटली जशीच्या तशी. बुडबुडे नाहीत, होज मऊ, ऑइल स्वच्छ. दोन्ही होज सारखेच पोळतायत. फॅन फिरतोय, दोन्ही स्पीडला. आणि कागद... जाळीला लावला, सोडला, सरळ खाली पडला. पोराने पुन्हा लावला, पुन्हा खाली.

गाडी 2022 मध्ये इथल्याच माणसाकडून घेतली. पुराचा विषय तेव्हा निघाला नव्हता. आता बंपरच्या फटीतून टॉर्च मारला: समोरचा एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) स्वच्छ दिसतो, पण त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर जागेत खालच्या निम्म्या भागात गाळ बसलाय. वाळलेला, राखाडी, शाडूसारखा घट्ट. स्क्रूड्रायव्हरने टोचला तर ढलपी निघाली, आत रेडिएटरच्या बारीक पत्र्यांच्या रेषा उमटलेल्या.

जुना_फिटर, कराड
वाशिष्ठी नदीच्या पुराचाच गाळ तो. समोरून गाडी धुणाऱ्याला कधी दिसायचा नाही. गावात उष्णता कमी, उरलेल्या निम्म्या रेडिएटरवर भागतं. चढाला दुसऱ्या गिअरवर इंजिनचा जोर पूर्ण, समोरून वारा नाही, त्यात एसीचा कंडेन्सर गरम हवा मागे फेकतो. तिथे निम्मा पुरत नाही.

आता टोचू नका, पत्रे मुडपतील. वरच्या पट्ट्यांचे बोल्ट सोडून रेडिएटर इंजिनकडे जरा कलता करा. एसीच्या पाइपांना हात लावू नका. आधी पाणी मारून गाळ भिजू द्या, मग बागेचा साधा पाइप इंजिनच्या बाजूने पुढे, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने. प्रेशर पंप नको. खालून गढूळ यायचं थांबेपर्यंत. आणि फॅनचा कनेक्टर उघडून बघा, पुरातल्या गाडीत तिथे हिरवट गंज हमखास सापडतो.

चिपळूणचा_वाशिष्ठीकर
कनेक्टर हिरवाच होता, घासून घेतला. पाइप दुपारभर चालला, अंगणात चिखल झाला, आईने दोघांनाही घरात येऊ दिलं नाही. कागद आता चिकटतो. ओबीडी लावून एसीसकट कुंभार्ली चढलो: बहुतेक वेळ 93 ते 97, वळणांवर 99, त्याच्या वर नाही. रेडिएटरमधलं कुलंट तपकिरी दिसतंय, ते बदलू का?

जुना_फिटर, कराड
बदला. बोअरचं पाणी नको, क्षार बसतात. डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट निम्मं-निम्मं. कॅपचं रबर कडक झालं असेल तर कॅपही नवीन टाका.