पाळीने शिसं धुऊन निघत नाही

पाळीत रक्त जातं म्हणजे शिसंही जातच असेल, मग मुलीच्या रक्तातल्या शिशाची तपासणी कशाला, असं कोथरूडच्या एका ताईंनी विचारलंय. जातं की, पण किती ते बघा. एका पाळीत साधारण 30-40 मिली रक्त जातं. रिपोर्टमध्ये शिसं डेसिलिटरला (म्हणजे 100 मिलीला) 5 मायक्रोग्रॅम असेल, तर तेवढ्या रक्तातून जेमतेम 2 मायक्रोग्रॅम बाहेर पडतं. शरीरातल्या बहुतेक शिशाचा मुक्काम हाडांत. तिथून ते वर्षानुवर्षं रक्तात झिरपत राहतं.

उलट अंगावरून जास्त जात असेल तर लोह कमी होतं, आणि लोह कमी पडलं की आतडी शिसं जास्त ओढून घेतात. त्यात आणखी एक मेख आहे. रक्तातलं जवळपास सगळं शिसं तांबड्या पेशींत असतं, त्यामुळे हिमोग्लोबिन घसरलेलं असताना आकडा फसवा, कमी दिसू शकतो. म्हणून ताई, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) सोबतच करून घ्या.

बाकी घरात शेंदूर असेल तर तो शिशाचाच ऑक्साइड, हाताळल्यावर हात धुवायचे. आणि तांबट आळीत पातेल्याला कल्हई लावायला दिलीत तर कथिल शुद्ध आहे ना, त्यात शिसं मिसळलेलं नाही ना, एवढं विचाराच.