होम थिएटर पीसीची रॅम: १६ची एकच पट्टी की ८-८च्या दोन?

निशाचर:
टीव्हीखाली ठेवायच्या पीसीसाठी रॅम कोणती घ्यावी असं विचारलं की एक ठरलेला सल्ला मिळतो: "सिनेमेच तर बघायचेत, १६ जीबीची एक पट्टी टाका, एक स्लॉट मोकळा राहील, पुढेमागे वाढवता येईल." माझं मत नेमकं याच्या उलट आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावणार नसाल तर दोन पट्ट्याच घ्या, आणि पहिल्या दिवसापासून घ्या.

प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅममध्येच वाटेकरी असतं. डीडीआर४-३२००ची (डीडीआर४ ही रॅमची पिढी, ३२०० हा तिचा वेग) एक पट्टी सेकंदाला फार तर २५.६ जीबी डेटा पुरवते. दोन पट्ट्या दोन चॅनेलवर, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या दोन वेगळ्या वाटांवर, लावल्या की ५१.२. क्षमता दोन्हीकडे १६ जीबीच, पण एका पट्टीत रस्ता निम्म्यावर येतो, आणि त्याच रस्त्यावरून प्रोसेसर, व्हिडिओ डिकोडर (दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडणारा भाग) आणि टीव्हीला चित्र पाठवणारा भाग, सगळ्यांची ये-जा चालते. हा फरक इंटेललाही इतका मोठा वाटतो की ११व्या पिढीच्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये रॅम एकाच चॅनेलवर असली तर तेच ग्राफिक्स 'आयरिस एक्सई' न दिसता साधं 'यूएचडी' म्हणून दिसतं.

"पुढे वाढवू" यावर तर माझा अजिबात विश्वास नाही. दोन वर्षांनी त्याच नावाची पट्टी मिळाली तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात, आणि मग दोघींचं जमेलच याची खात्री कोण देणार?

वायरवाला:
आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटला नाही. ५१.२ जीबी लागतात कुणाला, ते तरी आधी मोजा.

फोर-के फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. १०-बिट एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारा) व्हिडिओ डिकोड होऊन रॅममध्ये येतो तेव्हा पिक्सेलमागे ३ बाइट धरा. एक फ्रेम झाली साधारण २५ एमबीची. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे ६०० एमबी. डिकोडर आधीच्या फ्रेम परत परत वाचतो, म्हणून याची चौपट करू. टीव्हीकडे ६० हर्ट्झने जाणारं चित्र पिक्सेलमागे ४ बाइटचं, त्याचे २ जीबी. सगळं मिळून सेकंदाला ५ जीबीसुद्धा होत नाहीत. २५.६च्या पट्टीला घामही फुटत नाही.

प्रत्यक्ष उदाहरण हवं असेल तर इंटेलचा एन१०० बघा. २०२३चा प्रोसेसर, रॅमचा चॅनेल एकच, अधिकृत मर्यादा १६ जीबी. फोर-के एचईव्हीसी आणि एव्ही१, व्हिडिओ दाबून साठवायचे हे दोन्ही प्रकार तो हार्डवेअरमध्ये डिकोड करतो आणि छोट्या मीडिया पेट्यांमध्ये सर्रास वापरला जातो. लिब्रेइलेक या छोट्या लिनक्सवर फक्त कोडी हा मीडिया प्लेअर चालवणार असाल तर ४ जीबीतही निभावतं. विंडोज ११ असेल तर ८ घ्या, ब्राउझर उघडा ठेवायची सवय असेल तर १६. पट्टी एक की दोन, हा प्रश्न सिनेमा बघणाऱ्याला पडायचं कारणच नाही. त्यापेक्षा एव्ही१ डिकोड न येणारा जुना प्रोसेसर गळ्यात पडत नाही ना, हे बघा. ती चूक कितीही रॅम घालून भरून निघत नाही.

शेवंती:
वायरवाला, तुमचा हिशोब डिकोडरपाशी थांबतो. डिकोड झालेली फ्रेम जशीच्या तशी दाखवायची असेल तर तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पण होम थिएटर पीसी बांधणारे बरेच जण तो बांधतात ते चित्र सुधारून बघण्यासाठी, नाहीतर टीव्हीतलं ॲप काय वाईट होतं?

माझ्याकडे बहुतेक संग्रह जुन्या डीव्हीडींचा आणि १०८०पीचा. एमपीव्ही या प्लेअरमध्ये चांगले अपस्केलिंग शेडर (लहान चित्र मोठं आणि रेखीव करणारे छोटे प्रोग्रॅम) लावले की दर फ्रेमवर एकामागून एक प्रक्रिया होतात. मधली चित्रं १६-बिट फ्लोटिंगमध्ये (दशांश आकड्यांच्या रूपात) ठेवली तर पिक्सेलमागे ८ बाइट, म्हणजे फोर-के आकाराचं एक चित्र ६६ एमबीचं. प्रत्येक टप्प्यात एक वाचायचं, एक लिहायचं. असे दहा टप्पे पूर्ण आकारात झाले तर एका फ्रेममागे १.३ जीबी, आणि २४ फ्रेमला जवळपास ३२ जीबी. एका पट्टीची कमाल मर्यादा २५.६ आहे, आणि प्रत्यक्षात तेवढीही पूर्ण हाती लागत नाही. प्रोसेसरमधल्या छोट्या, वेगवान मेमरीमुळे (कॅश) थोडं वाचतं, शेडर हलका निवडला की बरंच वाचतं, हेही खरं. पण एका पट्टीवर फ्रेम गळतात आणि दोन पट्ट्यांवर तोच सिनेमा संथ, सरळ चालतो, हे मी घरी समोरासमोर लावून बघितलं आहे. कॅमेरा हळूहळू आडवा सरकत असतो ना, तिथे ती गळती डोळ्यात खुपते.

वायरवाला:
एवढं शेडरचं वेड असेल तर स्वतःची मेमरी असलेलं ग्राफिक्स कार्ड घ्या. रॅमचा प्रश्नच मिटला.

शेवंती:
कार्ड आलं की पंखा आला, जाडजूड कॅबिनेट आलं, वीज आली. शांत प्रसंगात पंख्याची घरघर ऐकू येणारी पेटी मला दिवाणखान्यात नको. दोन पट्ट्यांनी आवाज कणभरही वाढत नाही.

टंकलेखक:
दोन्ही बाजू डीडीआर४ धरून बोलताय. आज नवीन बांधणारा बहुधा त्यापुढच्या पिढीची डीडीआर५ घेईल, आणि तिथे ८-८चा सल्ला मला धोक्याचा वाटतो. ८ जीबीच्या डीडीआर५ पट्टीवर सहसा चारच चिप असतात, १६-बिट रुंदीच्या. अशा चिपमध्ये बँक ग्रुप (आळीपाळीने काम करणारे मेमरीचे गट) चार. १६ जीबीच्या पट्टीवरच्या ८-बिट चिपमध्ये आठ. त्यामुळे पाकिटावर वेग तोच छापलेला असला तरी लहान पट्टी मागे पडते. दोनच घ्यायच्या तर १६-१६ घ्या. माझ्या पेटीत घरातल्या इतर उपकरणांना सिनेमे पुरवणारा जेलीफिन सर्व्हरही चालतो, ट्रान्सकोडच्या (व्हिडिओ दुसऱ्या प्रकारात बदलण्याच्या) तात्पुरत्या फायली मी रॅममध्येच ठेवतो, एसएसडीवर तेवढं लिखाण कमी. ३२ जीबी तिथे कामी येतात.

आणि एक गैरसमज: डीडीआर५च्या एका पट्टीत ३२-बिटचे दोन उपचॅनेल असतात, म्हणून एकच पट्टी लावून "ड्युअल चॅनेल झालं" म्हणणारे भेटतात. एकूण रुंदी ६४ बिटच राहते. माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये "४ गुणिले ३२-बिट" दिसलं तरच खरे दोन चॅनेल समजा.

निशाचर:
टंकलेखक, बँक ग्रुपचा मुद्दा एकदम मान्य. डीडीआर५साठी माझा सल्ला १६-१६ असाच राहील. नुसतं बघण्यासाठी ३२ जीबी भरणार नाहीत, पण इथे ते दोन चॅनेलबरोबर आपसूक येतात. फक्त चारही स्लॉट भरायच्या मोहात कुणी पडू नका. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरमध्ये दोन पट्ट्यांवर अधिकृत वेग ५२००, चारवर थेट ३६००.

मितभाषी:
एक्सएमपीबद्दल, म्हणजे रॅम मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायच्या तयार सेटिंगबद्दल, कुणीच बोललं नाही. टीव्हीखालचा पीसी दिवसभर झोपलेला असतो आणि रिमोटच्या एका बटणावर उठला पाहिजे. माझ्याकडची पट्टी ३६००ची. एक्सएमपी चालू असताना उठताना मधूनच काळा पडदा यायचा. तपासणीत मेमटेस्टला एकही चूक सापडली नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी बंद करून ती मूळ वेगावर आणली, तेव्हापासून एकदाही अडकलेली नाही. डीडीआर४चं मूळ व्होल्टेज १.२, एक्सएमपीत बहुतेक १.३५. बंद कॅबिनेटमध्ये ती उष्णताही नको.

शेवंती:
मूळ वेग म्हणजे काही पट्ट्यांवर २१३३ किंवा २४००. मग दोन चॅनेलचा अर्धाअधिक फायदा तुम्ही हातानेच घालवता. घेतानाच अशी घ्या, जिचा मूळ वेगच ३२०० आणि व्होल्टेज १.२ आहे. लेटन्सी (रॅमला उत्तर द्यायला लागणारा वेळ) सीएल२२ दिसेल, त्याने घाबरू नका. व्हिडिओला रुंदी लागते, काही नॅनोसेकंदांनी त्याचं अडत नाही. शिवाय या पट्ट्या साध्या, उघड्या असतात, उंची ३१ मिलिमीटरच्या आसपास. बुटक्या कूलरखाली त्या बसतात. चमचमत्या दिव्यांच्या उंच पट्ट्या तिथे आडव्या येतात.

मितभाषी:
हे पटलं. मूळ ३२०० असेल तर माझी तक्रार नाही.

वायरवाला:
माझं मत तिथेच आहे. शेडर न वापरणाऱ्याने एका पट्टीवर बिनधास्त बांधावं, आणि उरलेले पैसे मोठ्या डिस्कमध्ये घालावेत. संग्रह वाढतच जातो, डिस्क नेहमी कमी पडते.

निशाचर:
दोन्हींच्या किमतीत फार फरक नसतो, म्हणून मी दोनवरच ठाम आहे. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो, तरी पुस्तिकेतली आकृती बघूनच लावा. शेजारशेजारच्या दोन स्लॉटमध्ये लावल्या तर पट्ट्या दोन, पण चॅनेल एकच, असं होऊ शकतं. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू करताना मिनिटभर किंवा जास्तही पडदा काळा राहतो. बोर्ड रॅमची जुळणी करत असतो. तेवढ्यात वीज बंद करून पट्ट्या उपसू नका.