लाल टोपीवाला मिलिटरी पोलीस (एमपी) आपली गाडी अडवू शकतो का?

रेवती_न:
मुलाच्या शाळेचा जवळचा रस्ता लष्करी हद्दीतून जातो. परवा हेल्मेट नव्हतं म्हणून लाल टोपी, पांढरा पट्टा घातलेल्या जवानाने स्कूटर बाजूला घ्यायला लावली. दंड नाही, पावती नाही. वहीत नंबर लिहिला आणि म्हणाला, पुन्हा असं दिसलात तर गेटवरूनच परत पाठवू. बोलला नीट, तक्रार नाही. पण आपल्यासारख्यांवर यांचा अधिकार चालतो का?

सडेतोड७७:
कॅन्टोन्मेंट म्हणजे मिलिटरीचं राज्य. गुमान गाडी बाजूला घ्यायची.

माजी_हवालदार_सातारा:
राज्यबिज्य काही नाही हो. पुण्यात कॅम्पातच शहर पोलिसांचं लष्कर पोलीस ठाणं आहे, नावावर जाऊ नका.

ताई, मी सीएमपीतूनच, म्हणजे फौजेच्या मिलिटरी पोलीस दलातूनच, पेन्शनला आलो. एमपी म्हणजे फौजेने फौजींसाठी ठेवलेला पोलीस. आर्मी ॲक्ट 1950, कलम 107: अटक करायची ती या कायद्याखाली येणाऱ्या माणसाला. त्यातही ऑफिसरला हात लावायचा तर दुसऱ्या ऑफिसरचा हुकूम लागतो. आणि आपल्या मनाने शिक्षा कुणालाच द्यायची नाही, साध्या शिपायालाही नाही.

तुमचं चलन फाडणं ट्रॅफिक पोलिसांचं काम, म्हणून पावती मिळाली नाही. पण जागा लष्कराची असेल तर आत कुणाला सोडायचं हे तेच ठरवणार. नंबर त्यासाठी लिहिला.

आमची खरी ड्यूटी बघायची तर पुणे स्टेशनवर जम्मूची झेलम एक्सप्रेस सुटायच्या वेळी बघावी. छुट्टी संपवून निघालेली पोरं, कुणाच्या पिशवीत चटणी, कुणाच्या लाडू. आयकार्ड बघायचं, छुट्टीचा कागद बघायचा. तारीख उलटलेली असली की विचारावं लागत नाही. पठ्ठ्या खिशातून कागद काढतो पण घडीच उलगडत नाही. एक दिवस जास्त झाला तरी ओव्हरस्टे. कलम 39 मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद लिहिली आहे, पण एवढ्या-तेवढ्यासाठी कुणी तिथवर जात नाही, सीओ साहेबांसमोर, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरसमोर, उभं राहिलं की निभावतं. घरी आई आजारी असते, एसटी चुकते, सगळं ऐकलंय. नोंद मात्र करावीच लागते.

अजून एक. गेटवरचा प्रत्येक जण एमपी नसतो. कुठे युनिटचा संतरी, कुठे डीएससीचा, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरचा, जवान. लाल टोपी बघून ओळखा.

वकील_नाशिक:
भर घालतो. जवानाने सिव्हिलियनचा खून किंवा बलात्कार केला तर कलम 70 प्रमाणे कोर्ट मार्शल नाही, खटला नेहमीच्या फौजदारी न्यायालयात. अपवाद: तो ॲक्टिव्ह सर्व्हिसवर (युद्ध किंवा मोहिमेवर), देशाबाहेर किंवा सरकारने जाहीर केलेल्या सीमेवरच्या चौकीत असेल तेव्हा.

रेवती_न:
धन्यवाद काका. पण रस्ता लष्कराचा की कॅन्टोन्मेंट बोर्डाचा, हे कुठे कळेल?

माजी_हवालदार_सातारा:
कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या ऑफिसात जीएलआर असतो, म्हणजे जमिनीचं रजिस्टर. तिथे विचारा. बोर्डाचा सार्वजनिक रस्ता निघाला तर 2006 च्या कॅन्टोन्मेंट कायद्याप्रमाणे जाहीर नोटीस काढून हरकती मागवल्याशिवाय तो कायमचा बंद करता येत नाही. फक्त जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका, चक्कर फुकट जाते.