मदत हवी आहे: मिक्समध्ये बास हरवला आहे ('जस्टिस'ची कृपा)

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचा चौघांचा मेटल बँड आहे, मी बास गिटार वाजवतो. चार गाण्यांचा छोटा अल्बम रेकॉर्ड करून झालाय, आता मिक्सिंग (सगळ्या वाद्यांचे ट्रॅक एकमेकांत बसवणं) घरीच चाललंय. मिक्सिंग करतो आमचा गिटारवाला. इथेच घोळ आहे.

या पठ्ठ्याने संदर्भ म्हणून (म्हणजे आपला आवाज ज्याच्याशी ताडून बघायचा तो) प्रोजेक्टमध्ये कोणता ट्रॅक टाकावा? मेटॅलिकाच्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'मधला! म्हणजे ज्या अल्बममध्ये बास शोधावा लागतो, नेमका तोच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बसच्या अपघातात मेटॅलिकाचा बासवाला क्लिफ बर्टन गेला. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. १९८८ मध्ये आलेला 'जस्टिस' हा त्याचा बँडबरोबरचा पहिला पूर्ण अल्बम. पासष्ट मिनिटांचा, एलपीला दोन तबकड्या लागल्या. आणि त्यात बिचाऱ्याचा बास जवळजवळ नाहीच. आधीचे दोन अल्बम करणारा फ्लेमिंग रासमुसेन रेकॉर्डिंगला होता, मिक्सिंगला नव्हता. ते स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकल बार्बिएरो यांनी केलं. बास खाली घे, अजून खाली घे, असं बँडचा ड्रमर लार्स उलरिकने सांगितल्याचं थॉम्पसनने नंतर मुलाखतीत सांगितलंय.

मी हे सगळं आमच्या गिटारवाल्याला ऐकवलं. त्याचं उत्तर: "पण अमेरिकेत सहाव्या नंबरपर्यंत गेला ना?" आता यावर काय बोलणार.

परवा बाबांना गाडीत पहिलं गाणं ऐकवलं. सिग्नल सुटेपर्यंत मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "छान आहे. यात तू कुठेयस?"

तांत्रिक माहिती: दोन गिटारी, प्रत्येकी दोनदा वाजवलेल्या, डावी-उजवीकडे पूर्ण पसरलेल्या. ट्यूनिंग ड्रॉप सी (नेहमीपेक्षा खालचं). बास थेट डीआयने (अँप-माइक न लावता, तारेने सरळ) घेतलाय, पिकने वाजवलाय, आणि बऱ्याच ठिकाणी गिटारचाच रिफ एक सप्तक खाली. बासचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर नेला की सगळं गढूळ होतं, खाली आणला की मी गायब. गिटारचा कोरडा, करकरीत आवाज तसाच राहून बास ऐकू यावा यासाठी काय करता येईल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

खर्जप्रेमी: फेडरला हात लावू नका. आधी गिटारींवर हाय-पास फिल्टर लावा, ८०-१०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा. एकटी गिटार ऐकली तर ती हडकुळी वाटेल, वाटू दे. आपण ज्याला गिटारचा जाडपणा समजतो तो बऱ्याचदा बासचा असतो. मग बासचा ट्रॅक दुहेरी करा: एक फक्त खालचा, स्वच्छ, कॉम्प्रेसरने दाबून सपाट केलेला. दुसऱ्याचा खालचा भाग कापून त्यावर डिस्टॉर्शन. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू येतो तो हा दुसरा. डिस्टॉर्शनच्या प्लगइनमुळे दोन्हींची फेज बिघडत नाही ना (म्हणजे दोन्हींच्या लहरी एकमेकींना खोडत नाहीत ना), तेवढं तपासा.

तबकडीबहाद्दर: 'जस्टिस'च्या मिक्सिंगच्या वेळी बँड व्हॅन हेलेनबरोबर मॉन्स्टर्स ऑफ रॉकच्या दौऱ्यावर होता. कार्यक्रम करायचा आणि मधल्या दिवसांत स्टुडिओ गाठायचा. स्टेजवर कान बधिर करून घेतल्यावर वरच्या पट्ट्या कमी वाटतात, मग त्या वाढवल्या जातात. तुम्हीही तालमीनंतर रात्री मिक्स करत असाल तर बंद करा. सकाळी, हळू आवाजात ऐका. आणि बास मुळात वाईट होता असं नाही बरं का. २००९ च्या 'गिटार हिरो: मेटॅलिका' या खेळामुळे सुटे ट्रॅक हाती लागले, तेव्हा चाहत्यांनी बास वर आणून घरगुती मिक्स केले. 'अँड जस्टिस फॉर जेसन' म्हणून शोधा, सापडतील. २०१८ ची अधिकृत आवृत्ती मात्र रीमास्टर आहे, रीमिक्स नाही (म्हणजे वाद्यांचं आपसातलं प्रमाण तेच), त्यामुळे तिच्यात बास शोधत बसू नका.

मधली तार: संदर्भच बदला की! त्याच बँडचा १९९१ चा काळा अल्बम टाका. 'जस्टिस'सारखाच लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत रेकॉर्ड झालेला, बासवालाही तोच, फक्त निर्माता बॉब रॉक. गिटारवाल्याला मेटॅलिका सोडायलाही नको.
बाकी रिफ एक सप्तक खाली गिरवत बसण्यापेक्षा दोन-चार जागी वेगळं काही वाजवा. सावली कितीही वाढवली तरी सावलीच.

---

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. काल सकाळी गिटारवाला यायच्या आधी फिल्टर ९० वर लावला आणि बासचे दोन ट्रॅक केले. गिटारचा फेडर जिथे होता तिथेच. त्याला काही सांगितलं नाही, नुसतं ऐकवलं. म्हणाला, "गिटार मस्त जाड झाली रे, काय केलंस?"

अजून सांगितलेलं नाही.

@मधली तार, तिसऱ्या गाण्याचा मधला भाग पुन्हा वाजवतोय. पण तिथे डबल बेस ड्रम (दोन्ही पायांनी वाजणारी किक) सतत चालू आहे, एका ठोक्यात चार फटके. त्यात बासच्या नोट्स पुन्हा बुडतात. तिथे किकचा टकटक आवाज कमी करावा की बासने कमी नोट्स वाजवाव्यात?